पहिला संशयात्मा कोण?

सप्टेंबर १७६९. इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन या लहानशा गावात शेक्सपिअरच्या नावाने तीन दिवसांचा उत्सव भरला होता. भरवणारा होता लंडनचा सर्वांत नावाजलेला नट, डेव्हिड गॅरिक. नदीकाठी भलामोठा लाकडी मंडप उभा राहिला. लंडनहून बडी मंडळी गाड्या भरभरून आली आणि गावकऱ्यांनी खोल्यांचे भाव आभाळाला नेऊन भिडवले. पण पाऊस कोसळला, एव्हन फुगली, मिरवणूक रद्द करावी लागली, दारूकाम भिजून गेले. चरित्रकार जेम्स बॉस्वेल कॉर्सिकाच्या सरदाराचा पोशाख घालून चिखलात मिरवत होता. गॅरिकने स्वतः रचलेले स्तोत्र वाद्यांच्या साथीत म्हटले, लोकांचे डोळे पाणावले. एवढ्या सगळ्या धामधुमीत शेक्सपिअरचे एकही नाटक झाले नाही. तशी कुणाला गरजही वाटली नाही.

नाटककाराचा देव झाला होता आणि देव म्हटला की प्रसाद आलाच. गावातल्या ‘न्यू प्लेस’ या शेक्सपिअरच्या शेवटच्या घराच्या बागेत एक तुतीचे झाड होते. ते खुद्द कवीने लावले, असे लोक सांगत. घराचे पुढचे मालक रेव्हरंड फ्रान्सिस गॅस्ट्रेल पाहुण्यांच्या रांगांना इतके विटले, की त्यांनी झाडच तोडून टाकले आणि १७५९मध्ये घरही पाडले. तुतीचे लाकूड एका घड्याळजीने उचलले. पुढची कित्येक वर्षे त्या लाकडाच्या डब्या, पेले, दौती विकल्या जात होत्या. एका झाडातून इतके लाकूड निघाले कसे, असे विचारणारा तेव्हा अरसिक ठरला असता.

ही नाटके शेक्सपिअरने लिहिलीच नाहीत, ती दुसऱ्याच कुणाची तरी आहेत, या शंकेची गोष्ट या भक्तीपासून सुरू होते. शेक्सपिअर १६१६मध्ये वारला. त्यानंतर सव्वादोनशेहून अधिक वर्षे कुणीही गंभीरपणे ही शंका काढली नाही. १७८६च्या एका विनोदी पुस्तकात एक बोलके, शहाणे डुक्कर ‘मागच्या एका जन्मात ही नाटके मीच लिहिली’ असे सांगते. संशयवादी मंडळींनी पुढे या डुकराचीही साक्ष काढली, पण ती टिंगल होती, तिला दावा म्हणता येत नाही. खरी शंका यायला आधी देव मोठा व्हावा लागला आणि मग त्याचे दप्तर उघडावे लागले.

दप्तरात निघाले ते असे. १७४७मध्ये स्ट्रॅटफर्डच्या जोसेफ ग्रीन नावाच्या पाद्र्याला शेक्सपिअरचे मृत्युपत्र हाती लागले आणि ते वाचून तो हिरमुसला. जमीनजुमला, भांडी, रोकड, बायकोला ‘दुसऱ्या प्रतीचा’ पलंग, नाटकमंडळीतल्या तीन सोबत्यांना आठवणीची अंगठी घ्यायला पैसे. एका पुस्तकाचा उल्लेख नाही, एका हस्तलिखिताचा नाही. कुठल्याही जमीनदाराने किंवा पेढीवाल्याने करावे तसेच ते मृत्युपत्र होते.

भक्तांना हे कसे पचावे? मग ज्याची मागणी तो माल बाजारात आला. १७९४च्या अखेरीस विल्यम हेन्री आयर्लंड हा विशीही न ओलांडलेला लंडनचा कारकून जुने कागद घेऊन घरी येऊ लागला. वडील सॅम्युएल आयर्लंड जुन्या वस्तूंचे संग्राहक आणि शेक्सपिअरचे निस्सीम भक्त. पोराने आधी एक गहाणखत आणले. मग शेक्सपिअरचे धर्मनिष्ठेचे निवेदन, मग ॲन हॅथवेला लिहिलेले प्रेमपत्र आणि सोबत केसांची बट, मग राणी एलिझाबेथचे पत्र, मग ‘किंग लिअर’ची अख्खी हस्तलिखित प्रत. जुन्या पुस्तकांची कोरी पाने फाडायची, खास बनवलेल्या शाईने लिहायचे, कागद विस्तवाजवळ धरून पिवळा करायचा, असे सगळे काम. कागदांवर पुढेमागे कुणी हक्क सांगेल म्हणून त्याने एक दस्तऐवज असाही बनवला, की शेक्सपिअरला नदीत बुडताना विल्यम हेन्री आयर्लंड नावाच्याच एका गृहस्थाने वाचवले होते आणि त्या उपकारापोटी कवीने त्याला आपली हस्तलिखिते बहाल केली. एवढे वाचूनही वडिलांना संशय आला नाही! बॉस्वेलने तर गुडघे टेकून त्या कागदांचे चुंबन घेतले.

हा फुगा फोडला एडमंड मलोनने. हा आयरिश वकील शेक्सपिअरच्या अभ्यासासाठी लंडनला येऊन राहिला होता. त्याने चारशेहून अधिक पानांचे पुस्तक लिहून एकेका कागदाची शुद्धलेखनापासून तारखेपर्यंत चिरफाड केली आणि ते ३१ मार्च १७९६ रोजी बाजारात आले. दोनच दिवसांनी, २ एप्रिलला, आयर्लंडने बनवलेले ‘व्होर्टिगर्न’ हे शेक्सपिअरचे ‘हरवलेले’ नाटक ड्रुरी लेन थिएटरात लागले आणि प्रेक्षकांच्या हसण्यात वाहून गेले. त्याच वर्षी पोराने कबुली दिली.

मलोन हा कागदपत्रांचा माणूस, म्हणून तो या गोष्टीतला शहाणा वाटतो. पण संशयाचे दार किलकिले केले ते त्यानेच. १७७८मध्ये त्याने नाटकांचा कालक्रम लावायचा प्रयत्न केला. आता कोणते नाटक कोणत्या साली, हे ठरवताना कवीच्या आयुष्याकडे पाहायचा मोह होणारच. शेक्सपिअरचा मुलगा हॅम्नेट १५९६मध्ये अकरा वर्षांचा होऊन गेला. मग ‘किंग जॉन’मध्ये मुलासाठी आक्रोश करणारी आई त्याच सुमाराची असली पाहिजे. सुनीतांमधला ‘मी’ म्हणजे खुद्द कवी. कायद्याचे शब्द एवढे सापडतात, तर पोरवयात तो वकिलाकडे उमेदवारीला असेल. म्हणजे जे आयुष्यात सापडत नाही ते नाटकात शोधायचे आणि जे नाटकात सापडते ते आयुष्यात घुसडायचे. हा रिवाज एकदा पडला की पुढची पायरी आपोआप येते. नाटकात राजदरबार आहे, ससाण्याची शिकार आहे, इटली आहे, कायदा आहे. आणि स्ट्रॅटफर्डच्या हातमोजे करणाऱ्याच्या मुलाच्या आयुष्यात यातले काहीच दिसत नाही. मग माणूसच चुकीचा असणार! संशयवाद्यांनी मलोनचेच गणित पुढे सोडवले.

एकोणिसाव्या शतकात दप्तरातून आणखी कागद बाहेर पडत गेले आणि प्रत्येक कागद आधीच्यापेक्षा रुक्ष. शेजारी रिचर्ड क्विनी याने तीस पौंड उसने मागण्यासाठी लिहिलेले पत्र. घरे, जमिनी, धान्याच्या दशांशाच्या वसुलीत गुंतवलेला पैसा. फिलिप रॉजर्स नावाच्या माणसावर माल्टच्या थकलेल्या पैशासाठी १६०४मध्ये केलेली फिर्याद. माल्ट म्हणजे बार्लीला मोड आणून वाळवलेले, बिअरसाठी लागणारे धान्य. गावात तोच मोठा धंदा. १८४०च्या दशकात तर एक यादीच छापून आली: १५९८च्या टंचाईच्या दिवसांत स्ट्रॅटफर्डमध्ये कुणाकुणाच्या घरी किती धान्य साठवलेले आहे, याची सरकारी मोजणी. शेक्सपिअरच्या नावापुढे दहा क्वार्टर माल्ट. म्हणजे ‘हॅम्लेट’चा कर्ता साठेबाज! साठा त्या गल्लीतल्या अनेकांकडे होता, पण देवाकडे तो कसा?

याच दशकाच्या सुरुवातीला टॉमस कार्लाइलने विभूतिपूजेवर व्याख्याने दिली होती. त्यांत, हिंदुस्थानचे साम्राज्य आणि शेक्सपिअर यांतले एकच ठेवायचे झाले तर आम्ही शेक्सपिअरला ठेवू, असे त्याने इंग्रजांच्या वतीने सांगून टाकले होते. (हिंदुस्थानला कुणी विचारले नव्हते.) आणि १८५०मध्ये अमेरिकन विचारवंत राल्फ वाल्डो इमर्सन याने छापून कबूल केले, की या माणसाचे उपलब्ध आयुष्य आणि त्याचे काव्य यांची सांगड आपल्याला घालता येत नाही. इमर्सनने कर्तृत्वावर शंका घेतली नाही. पण कोरडे गवत तर पसरून झाले होते.

ठिणगी साहित्याबाहेरून येत होती. १७९५मध्ये जर्मन पंडित फ्रीडरिश ऑगस्ट वोल्फ याने होमर या एका कवीचेच अस्तित्व उसवले होते. त्याच्या मते ती महाकाव्ये अनेक गायकांच्या तोंडून वाढत गेलेली. १८३५मध्ये डेव्हिड श्ट्राउसने हीच नजर येशूच्या चरित्रावर रोखली आणि युरोपभर काहूर उठले. आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘भारद्वाज’ या टोपणनावाने शिवराम भारदे यांनी ‘सुधारक’मधून ज्ञानदेव एक नव्हेत, दोन होते, असे मांडले. त्या शतकाची हवाच तशी होती. अमेरिकेत सॅम्युएल श्मुकर नावाच्या लुथरन पाद्र्याला श्ट्राउसचा इतका संताप आला, की १८४८मध्ये त्याने उपरोधाने सिद्ध करून दाखवले, की याच युक्तिवादांनी पाहिले तर शेक्सपिअरही नव्हताच! त्याला वाटले, हे इतके हास्यास्पद आहे, की वाचणारा श्ट्राउसलाच हसेल. पुढच्या शतकभरात जे जे मुद्दे गंभीरपणे मांडले गेले, त्यातले बरेचसे या बिचाऱ्याने गंमत म्हणून आधीच लिहून ठेवले होते.

त्याच १८४८मध्ये न्यूयॉर्कला जोसेफ हार्ट याचे ‘द रोमान्स ऑफ यॉटिंग’ हे पुस्तक निघाले. हे स्पेनच्या सागरी सफरीचे वर्णन. वकील आणि पत्रकार असलेला हार्ट सफरीच्या वर्णनात अचानक शेक्सपिअरवर घसरतो: हा माणूस नाटकवाल्यांचा व्यवस्थापक, दुसऱ्यांची नाटके विकत घ्यायची, त्यात चावट मजकूर घालायचा, झाले. खरा लेखक कोण, हे हार्ट सांगत नाही. ‘मोबी डिक’ अजून लिहायचा असलेल्या हर्मन मेलव्हिलकडे हे पुस्तक परीक्षणासाठी आले, तेव्हा त्याने हात लावायला नकार दिला. चार वर्षांनी, १८५२मध्ये, एडिंबराच्या ‘चेंबर्स जर्नल’मध्ये एक निनावी लेख आला. शेक्सपिअरने माळ्यावर एखादा उपाशी कवी पोसला असावा, असा त्यातला तर्क. दोन्हींची फारशी दखल घेतली गेली नाही. मग आली डेलिया बेकन.

डेलियाचा जन्म १८११चा, ओहायोच्या जंगलपट्टीतल्या ओंडक्यांच्या झोपडीतला. वडील मिशनरी, धर्मनिष्ठांची आदर्श वसाहत उभारायला गेले, कर्जबाजारी होऊन परतले, ती सहा वर्षांची असताना वारले. थोरला भाऊ लेनर्ड येल विद्यापीठात शिकून न्यू हेवनचा मातब्बर पाद्री झाला. डेलियाचे शाळेतले शिक्षण मात्र लवकरच संपले आणि पंधराव्या-सोळाव्या वर्षी ती शिकवू लागली. विशीत तिने एका कथास्पर्धेत बक्षीस पटकावले. हरलेल्यांत एडगर ॲलन पो होता. पुढे तिने बायकांसाठी इतिहास आणि साहित्यावर व्याख्यानमाला सुरू केल्या. हातात कागदाचा चिटोराही न घेता ती तासन्तास बोलत असे. न्यू हेवन, बोस्टन, न्यूयॉर्कमध्ये सभागृहे भरत.

मग अलेक्झांडर मॅकव्हॉर्टर प्रकरण झाले. धर्मशास्त्र शिकलेला हा तरुण तिच्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. जवळीक वाढली, गावात कुजबुज झाली. तेव्हा त्याने, बाईच आपल्या मागे लागली होती, म्हणून तिची पत्रे मित्रांना दाखवली. भाऊ भडकला आणि त्याने १८४७मध्ये पाद्र्यांच्या मंडळापुढे खटला उभा केला. बहिणीची अब्रू वाचवायची म्हणून ती चव्हाट्यावर मांडली गेली आणि निकाल तरुणाच्याच बाजूने झुकला. पाठोपाठ तिची जुनी शिक्षिका कॅथरीन बीचर हिने, डेलियाला नको असताना, तिच्या बचावासाठी सगळ्या प्रकरणाचे पुस्तक काढले. या घटनेतच तिच्या सिद्धांताचे मूळ शोधणारे पुष्कळ आहेत. मला ते सोपे वाटते. नाटकातून नाटककाराचे आयुष्य काढणे आणि बाईच्या दुःखातून तिचा विचार काढणे, ही खोड एकच आहे.

तिचा विचार असा होता: दरबारी वॉल्टर रॅले, तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन, कवी स्पेन्सर आणि आणखी काही मंडळी ही राजसत्तेच्या जुलमाखाली गुदमरलेली. उघड बोलावे तर मान जायची. म्हणून त्यांनी रंगभूमी हाताशी धरली आणि ‘लिअर’, ‘ज्युलियस सीझर’, ‘कोरिओलेनस’मधून लोकांना लोकसत्तेचे तत्त्वज्ञान शिकवायला घेतले. नाव लावायला एक अडाणी नाटकवाला मिळाला. तिचे आडनाव बेकन असल्याने ती पूर्वजाचे घोडे दामटते आहे, अशी थट्टा झाली. खरे तर बेकन घराण्याशी आपले नाते आहे, असे तिने कधी सांगितले नाही आणि तिच्या मांडणीत बेकन एकटा नव्हताच. राजकारणाच्या अंगाने ही नाटके इतक्या बारकाईने वाचणारे तेव्हा थोडे होते. कर्तृत्वाचे प्रकरण बाजूला ठेवून तिने नुसते तेवढेच लिहिले असते, तर आज समीक्षेच्या इतिहासात तिला वेगळी जागा असती.

१८५३मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स बटलर या धनिकाच्या मदतीने आणि इमर्सनची पत्रे घेऊन ती इंग्लंडला गेली. कार्लाइलने तिला चहाला बोलावले. स्ट्रॅटफर्डच्या माणसाने ही नाटके लिहिलेली नाहीत, हे ऐकताच तो अक्षरशः किंचाळला. पण माणूस मनाचा मोठा. ब्रिटिश म्युझियममधली हस्तलिखिते पाहा, कागद शोधा, असे त्याने तिला बजावले. ती गेली नाही. तिचा भरवसा नाटकांच्या मजकुरावर होता आणि दुसरा भरवसा थडग्यांवर. सेंट ऑल्बन्सला तिने अनेक महिने मुक्काम केला, तिथल्या चर्चमधली बेकनची कबर उघडू द्या म्हणून विनवले. नकार मिळाला. पैसे संपत आले.

जानेवारी १८५६मध्ये ‘पटनम्स मंथली’ या अमेरिकन मासिकात तिचा पहिला लेख छापून आला, तोही निनावी. पुढचे भाग मासिकाने नाकारले आणि ती प्रकरणे इमर्सनच्या ताब्यातून परत पाठवताना प्रवासात गहाळ झाली. दुसरी प्रत नव्हती.

त्या उन्हाळ्यात लिव्हरपूलमधला अमेरिकेचा वाणिज्यदूत, म्हणजे कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न, तिला लंडनमध्ये भेटायला गेला. त्याने पुढे लिहिलेल्या आठवणीत ती खोली स्पष्ट दिसते. खाली किराण्याचे दुकान, तीन जिने चढून वर तिची बैठक. दुकानदार आणि त्याची बायको या भाडे थकवणाऱ्या बाईशी मायेने वागत. हॉथॉर्न टेबलावरची पुस्तके न्याहाळत बसला: रॅलेचा जगाचा इतिहास, माँतेनचे निबंध, बेकनची पत्रे, शेक्सपिअरचा एक खंड आणि शेजारच्या टेबलावर हस्तलिखिताची जाड गुंडाळी. कुणी थकलेली, विस्कटलेली म्हातारी येईल अशी त्याची अटकळ होती. आली ती उंच, काळ्याभोर केसांची, तेजस्वी डोळ्यांची बाई. तिचे म्हणणे त्याला पटले नाही, पण बोलताना तिला अडवावेसेही वाटले नाही. तिच्या पुस्तकाचा खर्च त्याने गुपचूप अंगावर घेतला.

थोड्याच दिवसांत ती स्ट्रॅटफर्डला पोहोचली. शेक्सपिअरच्या थडग्यावरच्या शिळेवर, दगड हलवणाऱ्याला शाप आहे, अशा ओळी कोरलेल्या आहेत. शापाचा अर्थ तिने असा लावला, की खाली काहीतरी दडवलेले आहे; बहुधा तिच्या सिद्धांताचा लेखी पुरावाच. गावच्या पाद्र्याने तिला हुसकावून लावले नाही. सल्ला घेतो, विचार करतो म्हणाला. त्याच्यासमोर, दगड जागच्या जागी परत बसवायच्या बोलीवर परवानगी मिळण्याची शक्यताही दिसू लागली. आणि नेमकी तिथेच ती कचरली. दगड उचलला आणि खाली काहीच निघाले नाही तर? एका संध्याकाळी ती कंदील घेऊन चर्चमध्ये शिरली आणि रात्री उशिरापर्यंत एकटीच बसून राहिली. शिळेच्या कडेच्या फटी चाचपल्या, आपल्या हाताने ती उचलवेल का, याचा अंदाज घेतला. भिंतीवरच्या शेक्सपिअरच्या अर्धपुतळ्यावर उजेड टाकून पाहिला. कंदील इतका मिणमिणता, की वरचे काही दिसेना. मग अंधारात कसलीशी हालचाल झाली. चर्चचा कारकून होता. तो सुरुवातीपासून तिथेच लपून तिच्यावर नजर ठेवून होता. तिने दगडाला धक्का लावला नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात तिच्या पायाखालची वाळू सरकली. विल्यम हेन्री स्मिथ नावाच्या इंग्रज गृहस्थाने लॉर्ड एल्समेअर यांना लिहिलेल्या पत्राच्या रूपात एक छोटी पुस्तिका काढली: ही नाटके बेकनची तर नव्हेत? रॅले नाही, मंडळ नाही, तत्त्वज्ञान नाही. एकच मोठे नाव, चटकन कळणारे. डेलियाचे लेखन आपण पाहिलेलेच नव्हते, असे तो म्हणाला. हॉथॉर्नने डेलियाच्या ग्रंथाला लिहिलेल्या प्रस्तावनेत वाङ्मयचौर्याचा सूर लावला, पुढे त्याला स्मिथची माफी मागावी लागली. संशयाचा पंथ वाढला तो स्मिथच्या सुटसुटीत वाटेने.

एप्रिल १८५७मध्ये डेलियाचा सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथ निघाला. हजार प्रती, त्यातल्या निम्म्या बोस्टनला. हॉथॉर्नच्या प्रस्तावनेत सिद्धांताला पाठिंबा नव्हता, म्हणून ती त्याच्यावरच रुसली. ग्रंथ दुर्बोध, वळसे घेत जाणारा. पुरावा पुढे येणार, असे सतत सांगणारा. तो कुणी वाचलाच नाही. हॉथॉर्नने नंतर लिहिले, की आपणही काही सुटी प्रकरणेच पाहिली आणि अथपासून इतीपर्यंत वाचणारा एकच तरुण आपल्याला भेटला. वर्ष सरता सरता डेलियाचे मन ढळले. स्ट्रॅटफर्डजवळच्या हेन्ली-इन-आर्डेन इथल्या वेड्यांच्या इस्पितळात तिला ठेवले. १८५८मध्ये चीनहून परतणारा तिचा पुतण्या वाटेत इंग्लंडला थांबला आणि तिला अमेरिकेला घेऊन गेला. २ सप्टेंबर १८५९ रोजी हार्टफर्डच्या इस्पितळात ती वारली. त्या दशकातल्या अमेरिकन प्रतिभेची मोजदाद करताना इमर्सनने दोनच नावे घेतली: वॉल्ट व्हिटमन आणि डेलिया बेकन. तिच्या नावापुढे ‘पण वेडी’ असे जोडूनच.

आता शंकेचे उत्तर. ते मुळात अवघड नव्हतेच. १५९८मध्ये फ्रान्सिस मिअर्सने शेक्सपिअरच्या बारा नाटकांची नावे छापली. १६२३मध्ये छत्तीस नाटकांचा संग्रह काढला तो जॉन हेमिंग्ज आणि हेन्री कॉन्डेल यांनी. मृत्युपत्रात ज्यांना अंगठीसाठी पैसे ठेवले, त्या तिघांतले हे दोघे. बेन जॉन्सन हा प्रतिस्पर्धी नाटककार, सहज कुणाची स्तुती न करणारा. त्याने त्या संग्रहात एव्हनच्या कवीचा नावानिशी गौरव केला. पुस्तके आणि हस्तलिखिते का सापडत नाहीत? कारण नाटक लिहून दिले की ते मंडळीच्या मालकीचे. आपल्याकडच्या नाटक कंपन्यांतही संहितेची वही मालकाच्या पेटीत असे, तसेच ते. छापील नाटकावर शेक्सपिअरचे नाव पहिल्यांदा दिसते तेच मुळी १५९८मध्ये, धंद्यात बरीच वर्षे काढल्यावर. दोघा-तिघांनी मिळून नाटक लिहिणे हाही रोजचा व्यवहार. ‘टायटस’मध्ये पीलचा, ‘टायमन’मध्ये मिडल्टनचा, ‘आठवा हेन्री’मध्ये फ्लेचरचा हात आहे, असे अभ्यासक आज मानतात. गंमत अशी, की अनेक हात लागले आहेत, हे हार्ट आणि डेलियाने ओळखले होते. फक्त हात दरबाऱ्यांचे नव्हते, पोटासाठी लिहिणाऱ्या नाटकवाल्यांचे होते.

पण पंथाला एवढ्यावर समाधान नव्हते. बेकनवाद्यांची एक अडचण होती. पहिल्या संशयवाद्यांत एक सफरीचे वर्णन लिहिणारा अमेरिकन, दुसरी इस्पितळात वारलेली अमेरिकन बाई. कूळ सांगायला जरा भारदस्त मूळपुरुष हवा होता. तो १९३२मध्ये मिळाला. लंडन विद्यापीठाला देणगी मिळालेल्या एका बेकनभक्ताच्या ग्रंथसंग्रहात एक हस्तलिखित होते; नाट्याभ्यासक ॲलरडाइस निकोल यांनी ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’मध्ये ते जगापुढे आणले. जेम्स कॉर्टन कॉवेल नावाच्या माणसाने १८०५मध्ये इप्सविचच्या तत्त्वचर्चा मंडळात दिलेले व्याख्यान. त्यात तो सांगतो: स्ट्रॅटफर्डजवळच्या बार्टन-ऑन-द-हीथचे पाद्री रेव्हरंड जेम्स विल्मट यांनी शेक्सपिअरचे चरित्र लिहायला घेतले, पन्नास मैलांच्या परिघातले एकूणएक खासगी ग्रंथसंग्रह धुंडाळले. शेक्सपिअरच्या मालकीचे एकही पुस्तक सापडले नाही. १७८५च्या सुमारास त्यांची खात्री पटली, की लेखक बेकनच. मग शेजाऱ्यांची मने दुखावू नयेत म्हणून त्यांनी सगळे कागद जाळून टाकले.

इंग्रज, पाद्री, त्याच मुलखातला, विद्वान आणि वर संकोची! डेलियापेक्षा सत्तर वर्षांनी जुना. भलेभले अभ्यासक सत्तर-पंचाहत्तर वर्षे ही कथा खरी धरून पहिला संशयवादी म्हणून विल्मटचे नाव लिहीत राहिले. त्यांत शेक्सपिअर-चरित्रांचा इतिहास लिहिणारे सॅम्युएल शोएनबॉमही होते. हा विल्मट खराखुरा होता, पण त्याच्या नशिबी दुसऱ्याचे श्रेय यायचा योग आधीच एकदा येऊन गेला होता. स्वतःला राजघराण्यातली म्हणवणारी त्याची पुतणी ऑलिव्हिया सेरेस हिने १८१३मध्ये त्याचे चरित्र छापून जाहीर केले होते, की ‘ज्युनियस’ या टोपणनावाची गाजलेली राजकीय पत्रे आपल्या काकानेच लिहिली.

आधी शंका आली ती, गंमत म्हणजे, संशयवाद्यांतल्याच दोघांना: जॉन रोलेट आणि डॅनियल राइट यांना. हे बेकनऐवजी अर्ल ऑफ ऑक्सफर्डच्या बाजूचे. त्यांनी शोध घेतला तर कॉवेल या माणसाचा पत्ता लागेना, इप्सविचच्या त्या मंडळाचाही लागेना. मग कोलंबिया विद्यापीठातले जेम्स शापिरो यांनी हस्तलिखित समोर घेतले आणि २०१०च्या आपल्या पुस्तकात ते बनावट असल्याचे दाखवून दिले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुणीतरी बसून ते लिहिले असावे. लिहिणाऱ्याने कागद, भाषा, शिष्टाचार सगळे सांभाळले होते. एकाच ठिकाणी तो घसरला. शेक्सपिअर कसा पैशाला चिकट आणि अरसिक होता, हे सांगण्याच्या भरात त्याने १८०५च्या कॉवेलच्या तोंडी सावकारीबरोबर साठवलेल्या माल्टची गोष्टही घातली. आणि ती मोजणीची यादी छापून बाहेर आली होती १८४०च्या दशकात.